कथेतील पात्रांचे रूपवर्णन : किती आणि कशासाठी?

कथेचे अध्यापन करताना पात्रांच्या बाह्यरूपाचे वर्णन किती असावे, हा प्रश्न विद्यार्थ्यांकडून वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर ओळींच्या संख्येत देता येत नाही. ते वर्णन कथेत कोणते कार्य करते, यावरून त्याचे प्रमाण ठरते.

या दृष्टीने प्रेमचंद यांची ‘ईदगाह’ (१९३३) ही कथा अभ्यासण्यासारखी आहे. हामिद हा चार-पाच वर्षांचा, किडकिडीत, पोरका मुलगा. त्याचे नाक-डोळे कसे, वर्ण कोणता, हे सांगण्यात लेखक वेळ घालवीत नाहीत. अनवाणी पाय आणि गोटा काळा पडलेली जुनी टोपी मात्र ते आवर्जून नोंदवितात. कारण गरिबी हा कथेचा पाया आहे. आजी अमीनाचा चेहरा तर जवळजवळ दिसतच नाही. तव्यावरून रोट्या उतरविताना तिची बोटे भाजतात, एवढाच तपशील पुरेसा ठरतो. त्या बोटांसाठीच हामिद मिठाई-खेळणी सोडून तीन पैशांचा चिमटा घेतो.

अर्थात सर्व प्रकारांना एकच माप लावता येणार नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ (१९४९) मधील व्यक्तिचित्रांत माणूस हाच विषय आहे. अशा लेखनात अंगकाठी, पोशाख, चाल यांना अधिक जागा मिळणे स्वाभाविक होय. उलट भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’मध्ये (१९६३) पांडुरंग सांगवीकर स्वतःच निवेदन करतो. प्रथमपुरुषी निवेदकाला आरशाशिवाय स्वतःचा चेहरा दिसत नाही. त्यामुळे तेथे पात्र उभे राहते ते बोलण्याच्या ढंगातून.

वर्णन कमी की जास्त, यापेक्षा गंभीर दोष ठोकळेबाजपणाचा आहे. गोरी ती सुशील, काळा तो दुष्ट. दाढी आणि सुरमा दाखविला की मुसलमान पात्र पूर्ण झाले, अशी सवय लोकप्रिय लेखनात आढळते. असे वर्णन माणूस दाखवीत नाही, वाचकाचा पूर्वग्रह तेवढा पक्का करते. ज्या विद्यार्थ्याच्या वडिलांना दाढी आहे किंवा ज्या विद्यार्थिनीचा वर्ण सावळा आहे, त्यांना पाठ्यपुस्तकातून स्वतःबद्दल काय शिकविले जाते, याचा विचार अध्यापकांनी करणे आवश्यक आहे.

वर्गात एक साधा प्रयोग करता येईल. निवडलेल्या उताऱ्यातील रूपवर्णनाची वाक्ये खोडून तो पुन्हा वाचावा आणि तीन प्रश्न विचारावेत. घटनेचे काही बिघडले का? हे रूप कोणाच्या नजरेतून दिसले? हेच वर्णन दुसऱ्या कोणत्याही पात्राला चिकटविता येईल का? ‘ईदगाह’मधून भाजणारी बोटे काढली, तर चिमट्याची खरेदी निरर्थक ठरते. जे वर्णन काढल्याने काहीच बिघडत नाही आणि जे कोणालाही लागू पडते, ते मुळातच अनावश्यक होते, असे समजावे.