टेक्सासमध्ये प्रतिस्पर्धी ठरवतो शाळेचा पट! 🏈

अमेरिकन फुटबॉलवेड्या टेक्सासात यूआयएल ही संस्था दर दोन वर्षांनी हायस्कूलांचे गट नव्याने पाडते. ऑक्टोबरअखेर एका ठरलेल्या दिवशीचा पट धरतात, फेब्रुवारीत गट जाहीर होतात. १ए सगळ्यांत लहान, ६ए सगळ्यांत मोठा. २०२४ मध्ये ६एसाठी किमान २,२७५ विद्यार्थी लागले.

डॅलसच्या उपनगरांत वस्ती वाढली की नवी शाळा निघते, जुनीचा पट विभागतो आणि ती खालच्या गटात जाऊ शकते. खेड्यात वेगळीच तऱ्हा. पट १०५च्या आत आला की अकराऐवजी सहा जणांचा संघ चालतो! मैदान ८० यार्डांचं, आणि मध्यंतरानंतर ४५ गुणांची आघाडी झाली की सामना तिथेच संपला.

गट बदलला की जुनं वैर सुटतं, बसप्रवास मात्र लांबू शकतो.