अळ्यांचं वेळापत्रक

ऑक्सफर्डजवळच्या वायथम जंगलात १९४७पासून ग्रेट टिट या चिमणीएवढ्या पक्ष्याच्या विणीच्या नोंदी ठेवल्या जातात. झाडांवर टांगलेल्या लाकडी पेट्या वसंतात उघडायच्या आणि पहिलं अंडं कधी पडलं ते लिहायचं, इतकं साधं काम. पण पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिल्यामुळे ते अनमोल ठरलं. आज तिथली मादी पूर्वीपेक्षा सुमारे दोन आठवडे आधी अंडी घालते.

घाई आहे ती अळ्यांची. ओकला कोवळी पालवी फुटली की तिच्यावर पतंगांच्या हिरव्या अळ्या तुटून पडतात आणि पानं जून होईपर्यंत जमिनीत उतरून कोषात जातात. ही चंगळ जेमतेम दोन-तीन आठवड्यांची. पिल्लं सर्वांत खादाड असतात तेव्हाच ती हवी. वसंत लवकर तापला की अळ्याही लवकर येतात. मादीला मात्र महिनाभर आधीच ठरवावं लागतं: रोज एक अशी आठ-नऊ अंडी, मग जवळपास दोन आठवडे उबवण. उशीर झालाच, तर शेवटचं अंडं पडण्याआधीच ती उबवायला बसते!

पाइड फ्लायकॅचर या पक्ष्याची अवस्था अधिक बिकट. तो हिवाळा पश्चिम आफ्रिकेत काढतो. युरोपातला वसंत लवकर आलाय हे त्याला तिथे कळणार कसं? नेदरलँड्समध्ये त्यानं १९८० ते २००० या काळात वीण सुमारे दहा दिवस अलीकडे आणली, तीही पुरली नाही. अळ्या सर्वांत लवकर येतात त्या जंगलांत दोन दशकांत हे पक्षी सुमारे ९० टक्क्यांनी घटले.