चट्ट्याची कड काय सांगते?

पावसाळ्यात डोंबिवली-कल्याणच्या घराघरांत कपडे दमट राहतात. तेच घालून लोकलच्या गर्दीत तासभर घामाघूम उभं राहिलं की जांघेत, कमरेला खाज सुटते. खाजवल्यावर कोंडा पडतो. हा कोंडा म्हणजे आपलीच कातडी! त्वचेच्या तळाशी जन्मलेली पेशी साधारण महिनाभरात वर येऊन गुपचूप गळते. हे गळणं डोळ्यांना दिसू लागलं, की समजावं काहीतरी बिघडलं आहे.

गजकर्णात बुरशी त्वचेतलं केराटिन खात बाहेर सरकते आणि मागचा भाग निवळत जातो. म्हणून कड उठावदार, मध्य स्वच्छ असं कडं उमटतं. खरवडलेल्या कोंड्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की पेशी विरघळतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू लख्ख दिसतात!

सोरायसिसमध्ये शरीराचीच प्रतिकारशक्ती पेशींना घाई करते. महिन्याचा प्रवास आठवड्याच्या आत उरकतो आणि कच्च्या पेशींचे चंदेरी पापुद्रे साचतात, बहुधा कोपरांवर, गुडघ्यांवर, डोक्यात. सावळ्या कातडीवर हे चट्टे लाल नव्हे, जांभळट-तपकिरी दिसतात. सोरायसिस स्पर्शाने पसरत नाही.

मोठ्या मुलांचं इसब मात्र त्याच सांध्यांच्या आतल्या खळगीत बसतं. त्याची कड धूसर असते, खाज अनावर. शिब्यांचं कारण तर प्रत्येकाच्या अंगावर असणारं यीस्ट. ते फोफावलं की त्वचेचा रंग बनण्यात अडथळा येतो. फिकट डागांवर नख फिरवलं की भुकटी निघते.

मेडिकलमधून आणलेलं स्टिरॉइडचं मलम खाज थांबवतं, पण गजकर्णाची कड पुसतं आणि बुरशीला मोकळं रान देतं. त्यात भर म्हणजे, टर्बिनाफिन या नेहमीच्या बुरशीनाशक औषधाला दाद न देणाऱ्या एका बुरशीला २०२० मध्ये नाव मिळालं, ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’. त्या नावातच भारत आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण नोंदले गेले.

म्हणून मलम लावण्याआधी चट्टा आहे तसा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आणि चट्ट्यावर स्पर्शच कळत नसेल, तर एक दिवसही थांबू नका: तो कुष्ठरोग असू शकतो. तो पूर्ण बरा होतो आणि सरकारी रुग्णालयात त्याची औषधं मोफत मिळतात.