पाच ताऱ्यांचा देशोदेशीचा भाव

जुलै 2008 मध्ये ॲपलचे ॲप स्टोअर सुमारे पाचशे ॲप्स घेऊन उघडले आणि ऑक्टोबरमध्ये गूगलचे अँड्रॉइड मार्केट आले. तेव्हापासून मोबाइल गेम बनवणाऱ्यांच्या मनात एक समज घट्ट बसला आहे : तारे वाढले की विक्री वाढते, घसरले की विक्रीही घसरते. त्यानंतरच्या वर्षांतली ठळक उदाहरणे ओळीने मांडली, तर हा समज ठरावीक काळापुरता आणि मोजक्या देशांपुरताच खरा ठरतो. पैसे आधी मोजावे लागतात तिथे रिव्ह्यू विक्रीला हात देतात. गेम फुकट मिळतो तिथे ते खेळणाऱ्यांच्या हातातले दबावाचे साधन बनतात. कोणत्या देशात यातले काय घडेल, हे तिथल्या लोकांच्या स्वभावापेक्षा तिथले दुकान कोणते आणि पैसे भरायची सोय काय, यावर जास्त ठरते.

लंडनच्या ‘अस टू’ स्टुडिओचा ‘मॉन्युमेंट व्हॅली’ एप्रिल 2014 मध्ये आला. किंमत 3.99 डॉलर, आधी भरायची. समीक्षकांनी वाखाणणी केली, ॲपलचा डिझाइन पुरस्कारही मिळाला. जानेवारी 2015 मध्ये स्टुडिओने आपला हिशेब स्वतःहून जाहीर केला : सुमारे 24 लाख प्रती, 58 लाख डॉलर उत्पन्न, आणि त्यातला अर्ध्याहून मोठा वाटा एकट्या अमेरिकेचा. त्याच सुमारास त्यांनी आणखी एक आकडा सांगितला, तो मला अधिक बोलका वाटतो. आयफोन-आयपॅडवरच्या प्रतींपैकी 40 टक्के पैसे देऊन घेतलेल्या होत्या, अँड्रॉइडवरच्या मात्र फक्त 5 टक्के. एकाच माणसाने दोन उपकरणांवर गेम घेतला असेल, हे स्टुडिओनेही मान्य केले होते. तरी एवढी तफावत तेवढ्याने भरून निघत नाही. गेम तोच आणि कौतुकही तेच. पण त्या कौतुकाचे पैशात रूपांतर झाले ते प्रामुख्याने खात्याला कार्ड जोडलेले असते अशा दुकानात. त्याआधी नोव्हेंबर 2014 मध्ये त्याच गेमचे नवे प्रकरण 1.99 डॉलरला निघाले, तेव्हा ‘पुन्हा पैसे का?’ म्हणून अनेकांनी एकेक तारा दिला. या ताऱ्याला गेमच्या गुणवत्तेशी काही देणेघेणे नव्हते. तो किमतीवरचा आक्षेप होता.

हीच गोष्ट डिसेंबर 2016 मध्ये फार मोठ्या प्रमाणावर दिसली. निन्टेन्डोच्या ‘सुपर मारिओ रन’चे पहिले काही टप्पे फुकट होते, पुढचे सगळे 9.99 डॉलरला. पहिल्या चार दिवसांत चार कोटी डाउनलोड झाले, तरी ॲप स्टोअरवरचे तारे तीनच्याही खाली रेंगाळले आणि कंपनीचा शेअर कोसळला. जानेवारीअखेर 7.8 कोटी डाउनलोड आणि 5.3 कोटी डॉलर उत्पन्न असा हिशेब कंपनीने दिला. पैसे भरणारे पाच टक्क्यांहून थोडे अधिक. म्हणजे गेम उघडणाऱ्या बहुतेकांनी पूर्ण खेळ पाहिलेलाच नव्हता, आणि तारे देण्याचा हक्क मात्र त्यांना विकत घेणाऱ्याइतकाच होता. दहा डॉलर ही रक्कम न्यूयॉर्कमध्ये एका जेवणाची, आपल्याकडे कित्येकांच्या पूर्ण दिवसाच्या कमाईहून जास्त. अशा ताऱ्यांची सरासरी काढून खेळाची प्रत कळत नाही.

फुकट गेमच्या लाटेत तर रिव्ह्यू आणि विक्री यांची गाठच सुटली. 2014 च्या सुरुवातीला ईएच्या ‘डन्जन कीपर’मध्ये, अँड्रॉइडवर, खेळाडूपुढे दोन बटणे यायची : एकावर ‘1 ते 4 तारे’, दुसऱ्यावर ‘5 तारे’. दुसरे दाबले की गूगलच्या दुकानाचे पान उघडे. पहिले दाबले की कंपनीला खासगीत तक्रार लिहायची सोय. नापसंती दुकानापर्यंत पोहोचूच नये, अशी ही रचना खेळाडूंचा विश्वासघात करणारी होती. पुढे 2022 मध्ये ‘डायब्लो इमॉर्टल’ या फुकट गेमला मेटाक्रिटिक या रिव्ह्यूंच्या संकेतस्थळावर खेळाडूंनी दहापैकी एकाहूनही कमी गुण दिले, पहिल्या दोन आठवड्यांची कमाई मात्र सुमारे 2.4 कोटी डॉलर असल्याचा अंदाज होता, आणि अमेरिका व दक्षिण कोरिया त्यात आघाडीवर होते. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये तो आलाच नाही, कारण तिथले कायदे पैसे घेऊन नशिबावर बक्षीस देणाऱ्या पेट्यांच्या आड येत होते. सप्टेंबर 2021 मध्ये ‘गेन्शिन इम्पॅक्ट’च्या पहिल्या वर्धापनदिनाची बक्षिसे तुटपुंजी वाटली म्हणून खेळाडूंनी गूगल प्लेवरचे तारे साडेचारच्या आसपासहून दोनच्या खाली आणले. कंपनीला जादा बक्षिसे वाटावी लागली. कमाई मात्र आटली नाही. रागावलेले लोक खेळ सोडून गेलेले नव्हते. ते खेळात राहूनच भांडत होते.

यावर आक्षेप येईल की ही सगळी बडी नावे आहेत. छोट्या स्टुडिओला तीन तारे मिळाले तर त्याचा गेम दुकानाच्या यादीत कोणाला दिसणारही नाही. आक्षेप रास्त आहे. दुकानाच्या शोधयादीत ताऱ्यांना वजन असते आणि अनोळखी नावाकडे दुसरा आधार नसतो. पण छोट्यांचे नशीबही आता ताऱ्यांपेक्षा दुसरीकडे ठरू लागले आहे. ‘अमंग अस’ 2018 मध्ये येऊन दोन वर्षे जवळपास दुर्लक्षित राहिला. मग दक्षिण कोरिया आणि ब्राझीलमधल्या थेट खेळून दाखवणाऱ्यांनी तो उचलला आणि 2020 मध्ये तो जगभर पोहोचला. तारे तेव्हाही होतेच. उणीव होती ती ओळखीच्या आवाजातल्या शिफारशीची.

छोट्यांना खरा धोका परक्या रागाचा असतो. ॲपलने सुरुवातीपासून देशागणिक वेगळे तारे दाखवले. गूगलने मात्र ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर करून त्या नोव्हेंबरपासून ते सुरू केले; एका भागातल्या बिघाडाची शिक्षा दुसऱ्या भागातल्या आकड्याला होऊ नये, हे कारण दिले. तोवर तेरा वर्षे एकाच सरासरीत साऱ्या जगाला कोंबले जात होते, तेही चीन वगळून. तिथे गूगल प्ले नाहीच. हुआवे, शाओमी, टेन्सेंट यांची आपापली दुकाने आहेत, आणि 2016 पासून दहापैकी गुण देणारे ‘टॅपटॅप’. भारतात 26 जानेवारी 2021 रोजी आलेल्या ‘फौजी’ या गेमचे तारेही काही दिवसांतच 4.7 वरून तीनच्या आसपास आले. त्यात खेळाच्या उणिवांवरची खरी टीका होती आणि बंदी आलेल्या पब्जीच्या चाहत्यांचा रागही होता. कोणता तारा कशासाठी, हे आकड्यावरून कळायला मार्ग नव्हता.

हा मार्ग करता येतो. संगणकावरच्या गेमच्या ‘स्टीम’ या दुकानात प्रत्येक रिव्ह्यूशेजारी लिहिणारा किती तास खेळला ते दिसते, आणि ऑगस्ट 2025 पासून भाषेनुसार वेगळे गुणही. फोनच्या दोन्ही दुकानांकडे कोणी किती पैसे भरले याची नोंद आधीच असते. नाव न सांगता, पैसे भरून खेळलेल्यांचे तारे आणि न भरता दिलेले तारे त्यांनी वेगवेगळे छापावेत, देशागणिक छापावेत. पुढचा ‘सुपर मारिओ रन’ येईल तेव्हा निदान किमतीवर राग आहे की खेळावर, हे विकत घेणाऱ्याला पैसे भरण्याआधी वाचता येईल.