परदेशात स्वस्त घर: गोहलपुरात बसून मांडलेला हिशेब

जबलपूरच्या गोहलपुरात कुणाला जागा घ्यायची असेल तर तो आधी खसऱ्याचा नंबर मागतो. पटवाऱ्याला गाठतो, डायव्हर्शन, म्हणजे शेतजमीन बिगरशेती, झालंय का ते विचारतो, नगर निगमात नामांतरण कुणाच्या नावावर आहे ते बघतो. मग गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानात बसून विकणाऱ्याच्या भावाभावांत वाद नाही ना, याची चौकशी करतो. महाराष्ट्रातल्या वाचकांनी इथे खसऱ्याऐवजी सातबारा आणि पटवाऱ्याऐवजी तलाठी असं वाचावं, पद्धत तीच आहे. आजोबांच्या काळापासून चालत आलेलं हे शहाणपण आहे आणि त्याने अनेक घरं वाचवली आहेत.

पण जाहिरात दुबईच्या, जॉर्जियातल्या किंवा इटलीतल्या घराची असेल तर हीच चौकस माणसं एकदम भोळी होतात. हॉटेलात भरलेल्या ‘प्रॉपर्टी एक्स्पो’त चकचकीत पुस्तिका हाती पडते, आकडा जबलपूरच्या एखाद्या चांगल्या वसाहतीतल्या बंगल्याएवढाच दिसतो आणि लोक विचारात पडतात. लेमा गार्डनच्या गारमेंट क्लस्टरमधला सलवार सूटचा व्यापारी असो, खमरियाच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेलं मराठी जोडपं असो, प्रश्न एकच असतो: मुलगा तिकडे आहेच, एवढ्या पैशात तिकडेच एक घर होत असेल तर काय वाईट?

वाईट काहीच नाही. मात्र जाहिरातीत छापलेली किंमत हा या व्यवहारातला सगळ्यात सोपा आकडा असतो. पैसा कुठल्या वाटेने जाणार, त्या घरात काय करायची मुभा आहे, इथे बसून ते सांभाळणार कसं आणि विकलं तर पैसा परत येईल का, या चार प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय घर स्वस्त की महाग हे सांगताच येत नाही.

पहिला प्रश्न पैशाच्या वाटेचा. भारतात राहणाऱ्या माणसाला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेतून, म्हणजे एलआरएसमधून, एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते आणि त्यातून घर घेता येतं. मुलाची फी, परदेशवारी, नातेवाइकांना पाठवलेले पैसे हे सगळं याच अडीच लाखांत मोजलं जातं. नवरा-बायको दोघांची मर्यादा एकत्र करता येते, पण मग घराच्या कागदावर दोघांचीही नावं मालक म्हणून हवीत. सासऱ्यांची मर्यादा वापरायची आणि कागदावर नाव मात्र जावयाचं लावायचं, हे चालत नाही. एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाख रुपयांच्या वर घरासाठी जेवढी रक्कम जाते, तिच्यावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. म्हणजे साठ लाख पाठवायचे तर पन्नास लाखांवर दहा लाख रुपये वेगळे तयार ठेवावे लागतात. हा पैसा बुडत नाही. आयकर विवरणात तो वळता होतो किंवा परत मिळतो, पण मधले काही महिने अडकून राहतो. निवृत्तीच्या पैशातून घर घेणाऱ्याने याची सोय आधीच करावी.

कर्जाबद्दलही मोठा गैरसमज आहे. असं घर घेण्यासाठी इथल्या बँकेने कर्ज द्यावं, हे रिझर्व्ह बँकेला मंजूर नाही. परदेशी बँकेकडून कर्ज काढून घर घेण्याची वाटही निवासी भारतीयाला मोकळी नाही. ‘एक टक्का भरा, बाकी हप्त्याने’ असं सांगणारा बिल्डर हा नियम सांगत नाही, कारण नियम त्याच्यावर नाही, आपल्यावर आहे. क्रेडिट कार्ड घासून बुकिंगची रक्कम भरणं तर टाळावंच. हवालाचं नावही काढू नये. परकीय चलनाच्या फेमा कायद्यात दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत आहे, आणि २०१५ साली त्यात आलेल्या ३७-अ कलमानुसार परदेशात नियमबाह्य मालमत्ता घेतल्याचा संशय असेल तर तेवढ्याच किमतीची भारतातली मालमत्ता जप्त करता येते. दुबईच्या फ्लॅटपायी गोहलपूरचं घर गोत्यात येऊ शकतं, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असायला हवं.

नियम मधेच बदलतात, हेही ध्यानात ठेवावं. ही योजना २००४ मध्ये पंचवीस हजार डॉलरवर सुरू झाली आणि वाढत दोन लाखांवर गेली. ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया कोसळला तेव्हा रिझर्व्ह बँकेने ती पंचाहत्तर हजारांवर आणली आणि तिच्यातून घर घेण्यालाच बंदी घातली. ज्यांचे हप्ते तेव्हा अर्ध्यावर होते, त्यांची अवस्था कशी झाली असेल याची कल्पना करावी. पुढच्या वर्षी बंदी उठली. २००४ मध्ये डॉलर पंचेचाळीस रुपयांच्या आसपास होता, आज तो पंच्याऐंशीच्या वर गेला आहे. हप्त्यांचं घर घेणारा माणूस प्रत्येक हप्त्याला रुपयाच्या घसरणीचा भार उचलत असतो.

दुसरा प्रश्न मुभेचा, आणि त्यासाठी मराठी माणसाला जवळचं उदाहरण लंडनमध्येच आहे. प्रिमरोझ हिल भागातल्या १०, किंग हेन्रीज रोड या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहत होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये ते तेव्हा ज्या विषयावर अभ्यास करत होते तो रुपयाच्या विनिमयाचाच होता. त्यातून ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. महू ही बाबासाहेबांची जन्मभूमी मध्य प्रदेशातली, त्यामुळे इकडच्या मराठी माणसाला या घराबद्दल वेगळा जिव्हाळा आहे. हे घर विक्रीला निघालं तेव्हा महाराष्ट्र शासनाने ते २०१५ मध्ये तीस लाख पौंडांहून अधिक किंमत देऊन विकत घेतलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते स्मारक म्हणून त्याचं उद्घाटन झालं.

खरेदीत खोट नव्हती, मालकी स्वच्छ होती. अडचण निराळीच निघाली. कॅम्डेन कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या, नोंदीत ते राहतं घर होतं. राहत्या घराचं संग्रहालय करायचं तर तिथे वेगळी परवानगी लागते. शेजाऱ्यांच्या तक्रारी झाल्या, आणि २०१८ मध्ये कौन्सिलने परवानगी नाकारली. राहण्याजोगी जागा कमी होते, असं तिचं म्हणणं होतं. अपील झालं, २०१९ मध्ये जाहीर सुनावणी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश मंत्र्यांनी निर्णय फिरवला तेव्हा स्मारकाचा मार्ग मोकळा झाला. एका राज्य सरकारला, वकिलांची फौज हाताशी असताना, या एका परवान्यासाठी एवढी वर्षं झगडावं लागलं. स्मारक उभं राहिलं याचा आनंद आहेच. पण आपण घेतलेलं घर पर्यटकांना रोजाने भाड्याने देऊ, खाली दुकान काढू, एक मजला चढवू, असे बेत आखणाऱ्याने ही पाच वर्षं डोळ्यांपुढे ठेवावीत. तिकडे मालकी एक आणि वापर दुसरा. वापराचा निर्णय गावाकडे असतो.

लंडनमध्ये स्वतःसाठी घर घेणाऱ्याला आणखी एक गोष्ट आधी कुणी सांगत नाही. इंग्लंडमध्ये दुसरं घर घेणाऱ्याला ऑक्टोबर २०२४ पासून मुद्रांक शुल्क पाच टक्के जास्त भरावं लागतं, आणि पहिलं घर जगात कुठेही असलं तरी ते मोजलं जातं. गोहलपुरातलं वडिलोपार्जित घर तुमच्या नावावर आहे, तर लंडनच्या खरेदीत तुम्ही दुसरं घर घेणारे ठरता. त्या देशात राहत नसाल तर वर आणखी दोन टक्के. फ्लॅट असेल तर तो बहुधा लीजवर असतो, मग दरवर्षीचा सर्व्हिस चार्ज आलाच. अमेरिकेत न्यू जर्सीच्या मुलाच्या घरात आई-वडिलांनी स्वतःचं नाव लावण्याआधी तिथल्या वारसा कराची चौकशी करावी. तिथे न राहणाऱ्या परकीय माणसाच्या तिथल्या मालमत्तेला फक्त साठ हजार डॉलरची सूट आहे, आणि वरच्या रकमेवर कर चाळीस टक्क्यांपर्यंत चढतो.

तिसरा प्रश्न इथे बसून सांभाळण्याचा, आणि त्यासाठी आता खरोखर स्वस्त घरांकडे येऊ. सिसिलीतल्या सांबुका गावाने २०१९ मध्ये ओसाड घरं एक युरोपासून लिलावात काढली, पुढे २०२१ मध्ये दोन युरोपासून आणि २०२४ मध्ये तीन युरोपासून. बातमी खरी होती. मागची अटही खरी होती: तीन वर्षांत घर दुरुस्त करायचं, आणि त्याची हमी म्हणून पाच हजार युरो अनामत ठेवायची. छत कोसळलेल्या दगडी घराला उभं करायला हजारो युरो लागतात आणि काम करून घ्यायला मालकाने तिथे असावं लागतं. शिवाय घर घेतलं म्हणून राहण्याचा परवाना मिळत नाही. शेंगेन व्हिसावर एकशे ऐंशी दिवसांतले नव्वद दिवसच राहता येतं. ही योजना गावं पुन्हा वसावीत म्हणून आहे, आणि तिथे जाऊन राहू शकणाऱ्यांसाठी ती चांगली आहे. जबलपुरात राहून भाडं खाण्यासाठी ती नाही.

चौथा प्रश्न विकून पैसा परत येण्याचा, आणि त्यात जपानची गोष्ट मला जास्त विचार करायला लावणारी वाटते. तिथे २०२३ च्या सरकारी पाहणीत सुमारे नव्वद लाख घरं रिकामी निघाली, एकूण घरांच्या १३.८ टक्के. गावं म्हातारी झाली, मुलं टोकियो-ओसाकाला गेली, आई-वडिलांची घरं कुलूपबंद पडली. आपल्या कोकणातल्या वाड्यांची आठवण यावी असं हे चित्र आहे. ही घरं स्वस्त आहेत आणि परदेशी माणसाने ती घ्यायला तिथे सहसा आडकाठी नाही. पण १९८१ च्या आधी बांधलेलं घर भूकंपाच्या नव्या नियमांत बसत नाही, आणि जुन्या लाकडी घराला तिथल्या बाजारात किंमत जवळपास उरत नाही, जमिनीला उरते. पाडायचं म्हटलं तर त्याचाही खर्च मोठा. जे घर तिथल्याच माणसाला नको झालंय ते आपण उद्या कुणाला विकणार, हा प्रश्न स्वतःला विचारून मगच पुढे जावं.

शेजारचे देश सोपे असतील असं वाटतं, तसंही नाही. नेपाळमध्ये परदेशी माणसाला स्वतःच्या नावावर जमीन घेता येत नाही आणि भारतीयही त्याला अपवाद नाहीत. थायलंडमध्ये जमीन नाही, पण इमारतीच्या ४९ टक्क्यांच्या मर्यादेत फ्लॅट घेता येतो. जॉर्जियात फ्लॅट चालतो, शेतजमीन नाही. कॅनडाने २०२३ पासून परदेशी खरेदीदारांवर बंदी घातली, ऑस्ट्रेलियाने एप्रिल २०२५ पासून जुन्या घरांच्या बाबतीत तेच केलं. स्थानिक तरुणांना घरं परवडेनाशी झाली, हे त्यामागचं कारण आहे आणि ते समजण्यासारखं आहे.

मग दुबई. आपल्याकडचा सर्वांत मोठा ओढा तिकडेच आहे, आणि त्याला कारणंही आहेत. २००२ पासून परदेशी माणसाला ठरावीक भागांत पूर्ण मालकी मिळते. २००७ च्या कायद्याने बिल्डरला ग्राहकांचे पैसे एस्क्रो खात्यात ठेवणं बंधनकारक झालं. नोंदणी शुल्क चार टक्के, व्यवहार बऱ्यापैकी पारदर्शक. तरीही २००८ च्या मंदीनंतर तिथल्या किमती निम्म्यावर आल्या होत्या, हे आजच्या पुस्तिकांत छापलेलं नसतं. तिथे दीर्घकाळ राहू देणाऱ्या गोल्डन व्हिसासाठी वीस लाख दिरहमचं घर लागतं. डॉलरला ३.६७ दिरहम हा ठरलेला दर धरला तर ते साडेपाच लाख डॉलरच्या जवळ जातं. नवरा-बायकोची मिळून एका वर्षाची मर्यादा पाच लाख, म्हणजे एकाच वर्षात सगळी रक्कम जात नाही. पैसे मार्च आणि एप्रिल अशा दोन आर्थिक वर्षांत विभागून पाठवावे लागतात. ‘तिथे कर नाही’ हेही अर्धंच खरं आहे. तुम्ही भारतात निवासी असाल तर दुबईच्या भाड्यावर आणि विक्रीच्या नफ्यावर इथे कर भरावा लागतो.

ज्यांनी आधीच घर घेतलं आहे त्यांच्यासाठी एक कळकळीची गोष्ट. आयकर विवरणात परदेशी मालमत्तेचं ‘शेड्यूल एफए’ असतं. परदेशात राहणाऱ्या मुलासोबत नावापुरतं नाव असलं तरी ते भरा, उत्पन्न शून्य असलं तरी भरा. २०१५ च्या काळा पैसा कायद्यात या चुकीला दहा लाख रुपयांचा दंड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून वीस लाखांपर्यंतच्या खात्यांना आणि शेअरना त्यातून सूट मिळाली, पण घर-जमिनीला नाही. प्रामाणिक, पापभीरू माणसं केवळ माहिती नसल्यामुळे यात अडकतात. बुकिंग रद्द होऊन पैसे परत मिळाले असतील तर तेही तिकडच्या खात्यात पडू देऊ नका. पुन्हा रीतसर न गुंतवलेली रक्कम १८० दिवसांत भारतात आणावी लागते.

माझं मत विचाराल तर ज्यांचं मूल त्याच शहरात स्थिरावलं आहे, ज्यांना वर्षातून काही महिने तिथे राहायचंच आहे आणि ज्यांच्याकडे इथलं घर मोडल्याशिवाय पैसा आहे, त्यांनी परदेशी घराचा विचार जरूर करावा. केवळ आकडा लहान दिसला म्हणून इथली राहती वास्तू किंवा ग्रॅच्युइटी त्यात घालू नये. मुलगा तिथे कमावत असेल तर त्याने तिथल्या पगारावर, तिथल्या कर्जावर, स्वतःच्या नावे घर घेणं हे कायद्यानेही सोपं आणि हिशेबानेही हलकं. आणि घ्यायचंच ठरलं तर बुकिंगचा पहिला रुपया जाण्याआधी तीन माणसांना भेटा: परदेशी मालमत्तेची विवरणं भरणारा सीए, आपल्या बँकेतला परकीय चलनाचा अधिकारी, आणि त्या देशातला असा वकील, ज्याची फी बिल्डर देत नाही.