मोटारीचा निःश्वास : धुराची नळी किती रुंद असावी?

सुगीच्या दिवसांत लातूरच्या अडत बाजाराकडे पाहिलें, तर तुरीचीं आणि सोयाबीनचीं पोतीं घेऊन येणाऱ्या पिकअप गाड्यांची रीघ लागलेली दिसते. ह्या एका गाडीवर नांदेड-लातूर भागांत कितीतरी कुटुंबांचा चरितार्थ चालतो. गाडी जुनी होते, मागचा सायलेन्सर गंजतो, मालक गॅरेजमध्यें जातो, आणि तेथें त्याच्या कानावर एक सल्ला पडतो : "मालक, मूळचा कशाला बसवतां? तीन इंची सरळ नळी टाका, गाडी उडेल!" हा सल्ला मानावा कीं नाहीं, एवढाच आजचा विषय आहे. तो दिसावयास लहान आहे; परंतु त्यांत कष्टाचा पैसा, शेजाऱ्याची झोप आणि सर्वांचा श्वास गुंतलेला आहे.

प्रथम यंत्राचा स्वभाव पाहूं. रुडॉल्फ डिझेल ह्या जर्मन यंत्रज्ञानें १८९७ सालीं यशस्वी करून दाखविलेल्या एंजिनांत ठिणगी नसते. हवा अतिशय दाबली म्हणजे ती तापते आणि त्या उष्णतेनेंच तेल पेट घेतें. जळून उरलेला वायु बाहेर ढकलण्याचें काम दट्ट्याला करावें लागतें. वाट चिंचोळी असली, तर त्या ढकलण्यांतच शक्तीचा कांहीं भाग खर्ची पडतो. ह्या अडथळ्याला आपण पाठदाब म्हणूं.

"थोडा पाठदाब हवाच, नाहींतर गाडीची ओढ जाते," असें पुष्कळ मिस्त्री सांगतात. टर्बो बसविलेल्या डिझेल गाडीला हें लागू नाहीं. १९०५ सालीं आल्फ्रेड ब्यूखी ह्या स्विस यंत्रज्ञानें ज्याचें पेटंट घेतलें, त्या टर्बोंत बाहेर पडणारा वायु एक चाक फिरवितो आणि तें चाक एंजिनांत अधिक हवा कोंबतें. चाकाच्या अलीकडे दाब जास्त आणि पलीकडे कमी असेल, तरच तें जोरानें फिरणार. म्हणून टर्बोच्या मागें पाठदाब जितका कमी तितकें बरें.

मग नळी हवी तेवढी रुंद कां करूं नये? येथें थोडा हिशेब केला पाहिजे. बोलेरो पिकअपसारख्या गाडीचें एंजिन २५२३ घनसेंटिमीटरचें, म्हणजे अडीच लिटरांचें आहे. मिनिटाला ३२०० फेरे धरले, आणि दर दोन फेऱ्यांत एकदां तें भरतें हें लक्षांत घेतलें, तर मिनिटाला सुमारें ४००० लिटर हवा आंत जाते. टर्बोमुळें ती जवळजवळ दुप्पट होते. पुढें ताप लागून तोच वायु आणखी दुपटीहून अधिक फुगतो. स्थूलमानानें मिनिटाला १७,००० लिटर वायु बाहेर पडतो. दोन इंची नळींतून तो सेकंदाला सुमारें १४० मीटर, अडीच इंचींतून ९० मीटर आणि तीन इंचींतून ६२ मीटर वेगानें धांवेल.

वायूचें मान तेंच राहिलें, तर नळींतील दाबाची हानि व्यासाच्या पांचव्या घाताच्या प्रमाणांत घटते. दोन इंची नळींत ही हानि शंभर मानली, तर अडीच इंचींत ती सुमारें तेहतीस आणि तीन इंचींत तेरा भरते. म्हणजे पहिल्या अर्ध्या इंचानें सदुसष्ट वांचले. दुसऱ्यानें फक्त वीस. आणि हा हिशेब पूर्ण जोराचा आहे. वायूचा प्रवाह निम्म्यावर आला कीं हानि चौथाईवर येते. सपाट रस्त्यावरच्या रोजच्या चालींत तीन इंची नळीचा लाभ जाणवणारच नाहीं. अमेरिकेंतल्या सहा लिटरांहून मोठ्या एंजिनांना चार-पांच इंची नळ्या शोभतात. आपल्या पाऊणशें अश्वशक्तीच्या एंजिनाला अडीच इंच पुरेसे आहेत.

शिवाय वाटेचें माप तिच्या सर्वांत अरुंद जागेवरून ठरतें. बोळ अरुंदच ठेवून फाटक रुंद केलें, तर बैलगाडी लवकर बाहेर पडत नाहीं. आंतला सायलेन्सर तुंबलेला असेल, वांकण चेपलेलें असेल, तर मागची नळी वाढवून कांहींच साधत नाहीं. म्हणून आधीं टर्बोच्या मागें दाबमापक लावून पाठदाब मोजून घ्यावा.

नांदेड गोदाकाठीं आहे, लातूर बालाघाटाच्या पठारावर. लोहा-अहमदपुराच्या वाटेनें भरलेली गाडी चढतांना काळा धूर ओकूं लागली, तर तेलाच्या मानानें हवा कमी पडत आहे असें समजावें. दोष बहुधा हवेच्या तुंबलेल्या गाळणींत, टर्बोच्या फुटक्या रबरी नळींत किंवा झिजलेल्या इंजेक्टरांत सांपडतो. तेथें थोडा खर्च करावा. ओढ परत येते.

आतां कायद्याची बाजू. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० व्या नियमाप्रमाणें प्रत्येक गाडीला आवाज शमविणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. आवाजाचीं व धुराचीं मानकें मोडल्यास १९८८ च्या अधिनियमाखालीं पहिल्याच गुन्ह्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. १ एप्रिल २०२० पासून बी. एस. ६ मानकें लागू झालीं; त्यानंतरच्या गाड्यांच्या धुराच्या वाटेंत उत्प्रेरक आणि संवेदक असतात, पुष्कळींत काजळीची गाळणीहि असते. तीं काढून सरळ नळी बसविणें हा बेकायदा व्यवहार तर खराच, पण त्याहून अधिक कांहीं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २०१२ सालीं डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरविला. आणि तो धूर सर्वांआधीं पोंचतो तो गाडी पुसणाऱ्या मालकाच्या स्वतःच्या मुलाकडे.

तेव्हां निर्णय असा : नवी गाडी असेल, तर मूळच्याच मापाचा, मूळच्याच बनावटीचा भाग बसवावा. जुनी, उत्प्रेरक नसलेली गाडी असेल, तर मूळ मापाचीच किंवा फार तर अडीच इंची नळी घ्यावी. तिचीं वांकणें गोल असावींत आणि शेवटीं चांगला सायलेन्सर असावा. तीन इंचांच्या गडगडाटानें गाडी जोरानें धांवल्याचा भास होईल. पण बाजारांत पोतीं वेळेवर पोंचतात तीं आवाजानें नव्हे, एंजिनाच्या ओढीनें.