बसला वाट कोण देणार?

रस्त्यावरून किती वाहने गेली, याची मोजदाद आपल्याकडे वरचेवर होते. किती माणसे गेली, हे मात्र फारसे कोणी मोजत नाही. एका मोटारीत सरासरी दीड माणूस धरला, तर साठ उतारूंची एक बस म्हणजे चाळीस मोटारी! ती बस सिग्नलला अडकली की साठ माणसे अडकतात. पण हॉर्न वाजतात ते मोटारींचे. बसमधली माणसे दांडीला धरून मुकाट्याने उभी असतात.

केंद्र सरकारने २००६ साली जे राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरण जाहीर केले, त्यात नेमका हाच मुद्दा होता : रस्त्यावर पहिला हक्क माणसांचा, वाहनांचा नव्हे. त्यातूनच बससाठी वेगळी मार्गिका राखण्याची, म्हणजे ‘बीआरटी’ची, कल्पना आपल्या शहरांत आली. ब्राझीलमधील कुरितिबा शहराने ती १९७४ मध्येच अमलात आणली होती आणि कोलंबियातील बोगोटाने २००० साली मोठ्या प्रमाणावर यशस्वी करून दाखवली होती. मेट्रोच्या मानाने खर्च अगदी थोडका, शिवाय काम लवकर उरकणारे. शहरांना भुरळ पडली नसती तरच नवल.

पुण्याने सुरुवात केली

देशात पहिला मान पुण्याचा. डिसेंबर २००६ मध्ये स्वारगेट-कात्रज रस्त्यावर बसची वेगळी मार्गिका सुरू झाली. पण रस्त्याच्या मध्यावर उभे केलेले थांबे गाठायचे कसे, याचा पुरता विचार झालेला नव्हता. पदपथ अपुरे, ओलांडण्याच्या जागा धोक्याच्या, मार्गिका मध्येच तुटलेली आणि रिकामी दिसली की त्यात शिरणाऱ्या दुचाक्या! बस वेगाने धावावी म्हणून केलेली सोय पायी चालणाऱ्याच्या जिवावर उठते की काय, असे वाटू लागले. पुढे २०१५ मध्ये ‘रेनबो’ नावाने पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये बऱ्याच सुधारणांसह नवे मार्ग आले खरे, पण पहिल्या अनुभवाची अढी लोकांच्या मनातून गेली नाही.

दिल्लीचा धडा

दिल्लीची कथा अधिक बोलकी आहे. आंबेडकर नगर ते मूलचंद या ५.८ किलोमीटरच्या पट्ट्यात एप्रिल २००८ मध्ये बसला मधली जागा मिळाली. आराखड्यामागे आयआयटी दिल्लीतील तज्ज्ञ होते. सायकलवाल्यांना आणि पादचाऱ्यांनाही त्यांनी वेगळी वाट ठेवली होती, हे पुष्कळांना आठवतही नसेल. लक्षात राहिली ती चिराग दिल्लीच्या चौकातली मोटारींची रांग.

रांग लागत होती, हे खोटे नव्हे. चौक मोठे, सिग्नलच्या पाळ्या लांबलचक, आणि साध्याच बसगाड्या एकामागून एक थांब्याशी येऊन खोळंबणाऱ्या. पण राग निघाला तो सिग्नलवर नाही, बसच्या मार्गिकेवर. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. काही काळ ती मार्गिका मोटारींनाही खुली झाली. पण ऑक्टोबर २०१२ मध्ये न्यायालयाने मार्गिकेविरुद्धची याचिका फेटाळली. न्यायालयात टिकलेली मार्गिका राजकारणात मात्र टिकली नाही. २०१५ मध्ये ती काढण्याचा निर्णय झाला आणि २०१६ मध्ये उखडण्याचे काम सुरू झाले. रोज बसने जाणाऱ्यांची बाजू मांडायला फारसे कोणी पुढे आले नाही. दुपारच्या उन्हात थांब्यावर उभ्या असलेल्या बाईला वर्तमानपत्राला पत्र लिहायला सवड कुठली?

अहमदाबादला काय जमले?

ऑक्टोबर २००९ मध्ये सुरू झालेल्या अहमदाबादच्या ‘जनमार्ग’ने बरेच वेगळे केले. थांबा म्हणजे छोटे स्टेशनच. तिकीट आत शिरतानाच काढायचे, फलाट बसच्या तळाच्या उंचीला आणि बसची दारे उजवीकडे. पायऱ्या चढायच्या नाहीत, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांची आणि कडेवर मूल असलेल्या आईची धांदल होत नाही. चढउतार झटपट उरकते, बस थांब्यावर कमी वेळ रेंगाळते, आणि वेग वाढतो तो यामुळे. नुसता रंगीत पट्टा आखून वेग येत नाही. दुसरी शहाणपणाची गोष्ट म्हणजे सुरुवात रुंद रस्त्यांवरून केली. लोकांना आधी गोडी लागू दिली. अर्थात तिथेही मार्गिकेत अपघात झालेच आहेत. स्टेशनात शिरल्यावर बडदास्त उत्तम. स्टेशनापर्यंत पायी पोचणे मात्र पुष्कळ ठिकाणी अजून कटकटीचेच.

हीच मोठी दुखरी जागा आहे. बसचा प्रत्येक उतारू आधी आणि नंतर पादचारी असतो. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत ३२ हजारांहून अधिक पादचारी होते आणि दुचाकीवरचे लोक तर सुमारे ४४ टक्के. बस वेळेवर येत नाही म्हणून हप्त्यावर स्कूटर घेतली जाते. आज घरातला कमावता मुलगा, उद्या कॉलेजला जाणारी मुलगी. मग रस्त्यावर गर्दी वाढते आणि बस आणखी उशिरा येते. या फेऱ्यात पदपथ दुरुस्त करण्याचा खर्च सर्वांत कमी, आणि नेमका तोच मागे राहतो.

दरम्यान भोपाळने आपली बस मार्गिका २०२४ मध्ये काढायला घेतली. इंदूरमधील साडेअकरा किलोमीटरची मार्गिका काढण्यास फेब्रुवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने परवानगी दिली. मोटारींना एक पट्टा जास्त मिळेल. पण रस्ता रुंद झाला की वाहनेही वाढतात आणि तो पट्टा भरून जातो, हा अनुभव जगभरचा आहे.

दुसरीकडे बसचे भाडे हलके करण्याची मात्र चढाओढ दिसते. महिलांसाठी शहर बसचा मोफत प्रवास दिल्लीत २०१९ मध्ये, तर तामिळनाडूत २०२१ मध्ये सुरू झाला. २०२३ मध्ये कर्नाटकानेही तो सुरू केला आणि महाराष्ट्रात एसटीचे भाडे महिलांसाठी निम्मे झाले. ज्या घरात बाईच्या प्रवासाचे पैसे सर्वांत शेवटी निघतात, तिथे ही सवलत लहान नाही. कामाला, दवाखान्याला, माहेरी जाणे सोपे झाले. पण दिल्लीत मोफत तिकीट हाती आले तेव्हा आंबेडकर नगर ते मूलचंदची ती मार्गिका नाहीशी होऊन तीन वर्षे उलटली होती, आणि त्या पट्ट्यात बसला मोटारींच्याच रांगेत उभे राहावे लागत होते.